'नाही' म्हणणाऱ्या मावशींचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांजवळ सिगारेट-तंबाखू विकणाऱ्या पानटपऱ्यांवरील कारवाईची बातमी कालच्या अंकात वाचली. फोटो झकास आलाय. टेबलावर जप्त माल, मागे ओळीने साहेब. कारवाई व्हायलाच हवी, दुमत नाही. पण शेवटी दुकानदारांना जे 'भान ठेवा' म्हणून सुनावलंय, ते वाचून हातातला चहा गार झाला. भान ठेवलं की काय होतं, तेवढं सांगतो.

गेल्या महिन्यात मंगळवार पेठेतल्या आमच्या किराणा दुकानात शाळेच्या ड्रेसमधला एक पोरगा आला. "दोन सुट्ट्या सिगारेटी द्या, काकानं सांगितलंय." काउंटरवर मावशी होत्या, अकरा वर्षं आमच्याकडे कामाला. त्या म्हणाल्या, "काकालाच पाठव जा बाळा." एवढंच. सुट्टी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे (सगळे पाळतात असं म्हणण्याइतका मी भोळा नाही), आणि अठराच्या आतल्याला तर पाकीटही देता येत नाही.

दहा मिनिटांत काका हजर. बुलेटवरून, फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरसकट. (या सायलेन्सरवरही कधीतरी छापा साहेब. रात्री अकरानंतर पेठेत म्हातारी माणसं दचकून उठून बसतात.) "आमचं पोरगं काय चोर हाय व्हय?" म्हणत त्यांनी लिमलेटच्या गोळ्यांची काचेची बरणी उचलून काउंटरवर आपटली. काच मावशींच्या मनगटात घुसली. तीन टाके पडले. गोळ्या अजून तांदळाच्या पोत्याखालून निघतात.

पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न, "बरणी मारली का आपटली?" मावशी खऱ्या बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आपटली." झालं! एनसी लिहून कागद हातात दिला. म्हणजे अदखलपात्र गुन्हा, कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करणार नाहीत. पुढचं कोर्टात बघा म्हणाले. रोजगार बुडवून कोर्टाच्या पायऱ्या चढायला मावशी काय वकिलाच्या घरच्या आहेत?

आता हिशेब बघा. त्या पोराला सिगारेट दिली असती, तर तंबाखूच्या कायद्यात २०० रुपयांपर्यंत दंड. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड! दिली नाही म्हणून हात फुटला, तर एक कागद. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी राज्यात २०१० चा कायदा आहे. तुम्हा पत्रकारांसाठी विधिमंडळाने २०१७ मध्ये केला. सरकारी नोकराच्या अंगावर धावून जायची तर कुणाची छाती नाही. तुम्हा सर्वांना संरक्षण मिळालं, आनंदच आहे. फक्त सरकारचा नियम काउंटरवर उभं राहून जी बाई राबवते, तिचं नाव त्या यादीत कुणाला सुचलं नाही.

मुलीने मोबाइलवर दाखवलं, स्कॉटलंडमध्ये २०२१ साली दुकानात काम करणाऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. त्यांना मारणं, धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा. ग्राहकाला वयावरून अडवलं म्हणून मारलं असेल, तर तो आणखी गंभीर धरतात. शेजारच्या दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, "ते स्कॉटलंड हाय भावा." असू दे की. तिथली पोरं काय दुकानात जाऊन श्रीखंड मागतात?

मावशी आठवड्याने कामावर आल्या. आल्या आल्या सिगारेटच्या खणाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "हे तेवढं तुम्हीच बघा, दादा." आता दुपारी मी जेवायला घरी गेलो की खणाला कुलूप असतं, आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने बोटं मोडत पुढच्या टपरीवर जातं.

— एक किराणा दुकानदार, मंगळवार पेठ, कोल्हापूर

(कृपया नाव छापू नये. काका मागच्याच गल्लीत राहतात.)