सोन्याची मुलगी आणि चेस्टनटच्या कोठ्या

ती. आई-बाबांस,

शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "पायी कशाला गेलीस गं, तिथे बस नाही का?" खरं सांगू? जवळजवळ नाहीच. पण मी मुद्दामच चालले. गुडघ्यामुळे सलग दुसऱ्या वर्षी तुझी वारी चुकतेय, आणि तुलूजच्या घरात बसून नुसतं "विश्रांती घे" म्हणायची मला लाज वाटायला लागली होती. शिवाय इथेही यात्रेची एक वाट आहे. ल प्वी गावातून निघून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत जाणारी, हजारभर वर्षं माणसांनी तुडवलेली. तिच्यावरचा छोटासा तुकडा, गोलीन्याकपासून कोंकपर्यंतचा वीसेक किलोमीटरचा, मी एका दिवसात केला. दिंडी नाही, टाळ नाही. जो तो आपापल्या पाठपिशवीखाली वाकलेला. एक म्हातारे गृहस्थ मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला घरातलं पाणी देत होते. तेवढ्यापुरती फलटणची आठवण झाली.

बाबा, आता तुमचा विषय. कोंक फ्रान्सच्या आवेरों जिल्ह्यात आहे. ऊश नावाचा ओढा दुर्दू नदीला मिळतो त्याच्या वर, डोंगराच्या कुशीत गाव चिकटलंय. लॅटिनमध्ये शिंपल्याला 'कोंका' म्हणतात, आणि दरीच्या त्या आकारावरूनच नाव पडलं असं सांगतात. वस्ती तीनशेसुद्धा नाही. २०१६ पासून शेजारच्या तीन गावांबरोबर मिळून एकच ग्रामपंचायत झालीय. दगड आपल्यासारखा काळा बेसाल्ट नाही, शिस्ट आहे. बेसाल्टवर घाव घातला की ढेकूळ निघतं. हा कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. त्याच पातळ फरश्या छपरांवर एकावर एक बसवल्यात, वरून बघितलं तर माशाचे खवले. चर्चचा पिवळा चुनखडक वरच्या पठारावरचा आणि लाल वालुकाश्म दुर्दूच्या खोऱ्यातला. म्हणजे एका भिंतीसमोर उभं राहून आसपासचा भूगोल वाचता येतो. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून भिंतीला नाक लावून उभे राहिला असतात.

गावाची सगळी हकीकत एका मुलीभोवती फिरते. तिचं नाव फ्वा, म्हणजे श्रद्धा. सुमारे इ.स. ३०३ मध्ये, रोमन देवांना नैवेद्य दाखवायला नकार दिला म्हणून आजँ शहरात तिला मारलं. वय बाराच्या आसपास. तिच्या अस्थी आजँमध्येच होत्या. कोंकच्या मठाकडे तेव्हा असं काही नव्हतं, आणि अस्थी नाहीत म्हणजे यात्रेकरू नाहीत. मग नवव्या शतकात इथला एक साधू आजँला गेला, तिथल्या लोकांत मिसळला, दहा वर्षं विश्वास कमावला आणि एका रात्री अस्थी घेऊन पसार झाला! आपल्याकडे भानुदासांनी हंपीहून विठ्ठल परत आणल्याची कथा तू सांगतेस, पण तो आपला आपण आणला. ही चक्क चोरी. इथे ती कुणी लपवत नाही, कौतुकानेच सांगतात. मुलीला इकडे यायचंच होतं म्हणे, नाहीतर जमलं असतं का? (आजँवाल्यांना काय वाटत असेल हा प्रश्न मी विचारला नाही.)

या फ्वाची मूर्ती मी पाहिली. पाऊण मीटरहून थोडी उंच, लाकडाच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा, सिंहासनावर बसलेली. चेहरा मात्र मुलीचा नाहीच. कुठल्याशा जुन्या रोमन पुतळ्याचं पुरुषी शिर बसवलंय, त्यामुळे रोखून बघते तेव्हा दचकायला होतं. कानात डूल, डोक्यावर मुकुट, अंगभर माणकं, पाचू, कोरीव खडे. शतकानुशतकं ज्याने त्याने वाहिलेले. हातात बारीक नळ्या आहेत, फूल खोचायला. आई, तिथे मला तुझीच आठवण आली. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्नार नावाचा एक विद्वान इथे आला आणि मूर्तीपुढे वाकणारी माणसं बघून हसला. पुढे त्यानेच पश्चात्ताप होऊन तिच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिला. बंदिवानांना ती सोडवते अशी ख्याती होती, म्हणून सुटलेले लोक आपल्या बेड्या आणून वाहत. गाभाऱ्याभोवतीची लोखंडी जाळी त्या बेड्या वितळवून केली असं म्हणतात.

चर्चच्या दारावर शेवटच्या निवाड्याचं, म्हणजे जगाच्या अंती येशू पापी आणि पुण्यवान वेगळे करतो त्याचं, शिल्प आहे, बाराव्या शतकातलं, १२४ आकृत्या. येशूच्या उजवीकडे स्वर्ग, शिस्तीत आणि थोडा कंटाळवाणा. डावीकडे नरक, तिथे खरी गंमत. घोड्यावरून उलटा पडलेला सरदार, गळ्यात पैशाची थैली बांधून लटकवलेला कंजूष. पण मी पाऊण तास बघत बसले ते वेगळंच. वरच्या कमानीची दगडी पट्टी दोन्ही हातांनी धरून, तिच्याआडून डोळेच वर काढणारी इवली डोकी! इथे त्यांना 'चौकस' म्हणतात. निवाडा चाललाय आणि हे भोचक भिंतीवरून डोकावतायत. पालखी बघायला आपल्या गल्लीतली पोरं कठड्याला लोंबकळतात तशी.

आणि खिडक्या. इथून जवळच्या रोदेझमध्ये जन्मलेले चित्रकार पियेर सुलाज शाळेत असताना हे चर्च बघून गेले आणि चित्रकारच व्हायचं ठरवून बसले. म्हातारपणी त्यांनीच इथल्या १०४ खिडक्या केल्या, १९९४ मध्ये पूर्ण झाल्या. रंग नाही, चित्र नाही, दुधाळ काच आणि काळ्या वाकड्या रेघा. गावाने तेव्हा बरीच कुरकुर केली. मलाही आधी दवाखान्याच्या काचा वाटल्या. ऊन उतरायला लागलं तशा त्याच काचा निळसर होत्या त्या केशरी झाल्या, आणि मी गप्प बसले.

सगळ्यात आवडली ती गोष्ट शेवटी ठेवलीय. फ्रेंच क्रांतीत चर्चचं सोनं-चांदी वितळवायला न्यायचा हुकूम निघाला. तेव्हा गावकऱ्यांनी खजिना आपसांत वाटून घेतला आणि परसात, चेस्टनट वाळवायच्या कोठ्यांत दडवला. चेस्टनट म्हणजे एका झाडाची कवचाची फळं, त्यांचं पीठ हेच इथल्या गरिबांचं अन्न होतं. ते धुरावर वाळवायच्या दगडी खोल्या घराघरात असत. काजळी धरलेल्या त्या अंधारात माणकं-पाचू पडून राहिले, आणि वादळ ओसरल्यावर ज्याने त्याने आपल्याकडचं आणून दिलं. उपाशी माणसांनी! १८३७ मध्ये जुन्या वास्तूंच्या सरकारी पाहणीवर आलेल्या मेरिमे साहेबांना चर्च पडायला आलेलं दिसलं, पण खजिना जागच्या जागी होता. आता मोडक्या चर्चची डागडुजी झालीय आणि १९९८ पासून ते नि दुर्दूवरचा जुना पूल जागतिक वारशात आहेत.

आत्ता चेस्टनटला फुलोरा आलाय, वास उग्र, डोकं उठतं. रात्री मठाच्या धर्मशाळेत राहिले. दुसऱ्या दिवशी 'फार्सू' खाल्ले: चिरलेला पाला, अंडं, पीठ, तव्यावर थापून. आई, तुझ्या मेथीच्या धिरड्याला अंडं लावलं तर हेच. मीठ कमी होतं.

बाबा, वाटेवर पडलेला शिस्टचा एक कपचा उचललाय, भिंतीतला नाही. दिवाळीत घेऊन येईन. आणि पालखी फलटणच्या विमानतळावर मुक्कामाला उतरेल तेव्हा आईला रिक्षाने का होईना घेऊन जा, तिथून मला फोन लावा. तुमचे संध्याकाळचे सहा म्हणजे इथले अडीच, मी ऑफिसमध्ये असेन, पण उचलेन. बोलू नका, नुसता धरून ठेवा.

तुमची,
मनू