सिंक जागचं हलवू नकोस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझा स्वयंपाकघराचा नकाशा दोनदा पाहिला. घर तीन महिन्यांत विकायचंय आणि तू सिंक खिडकीखालून समोरच्या भिंतीला न्यायला निघालीस! अगं, सांडपाण्याच्या पाइपला मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर तरी उतार द्यावा लागतो. म्हणजे फरशी उकरणं आलं. तो सगळा पैसा फरशीखाली गाडला जाईल, आणि घर बघायला येणारा फरशीखाली बघत नाही.

तो बघतो भलतीकडेच. आपलं जुनं घर विकायला काढलं तेव्हा मी हौसेनं ओट्यावर नवा दगड बसवला होता. पहिलंच जोडपं आलं. बाईंनी दगडाला हातसुद्धा लावला नाही. सरळ वाकून सिंकखालचं शटर उघडलं. आतला बोर्ड फुगलेला, पापुद्रे सुटलेले, वर कोंदट वास. त्यांनी शटर हळूच लावलं नि म्हणाल्या, “बाकी घर छान आहे.” त्या ‘बाकी’तच सौदा फिसकटला. तुझी आई अजून ऐकवते.

तेव्हा एकदा गिऱ्हाईक होऊन स्वयंपाकघरात शीर. प्रत्येक ड्रॉवर ओढ, प्रत्येक दार उघड. कलंडलेलं शटर बहुतेक वेळा बिजागरीचा स्क्रू फिरवला की सरळ होतं. कपाटांचे सांगाडे धड असतील तर नुसती शटरं आणि हँडलं बदल. सिंकखाली मात्र पाण्यात टिकणारं प्लायवूडच लाव. सुतार एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, सुचवेल; ऐकू नकोस. ओल धरली की ते फुगतं आणि पुन्हा बसत नाही.

वरच्या कपाटांखाली एलईडी पट्टी हवीच, तीही पुढच्या कडेला. नाहीतर काम करणाऱ्याची सावली ओट्यावरच पडते.

ओट्याची उंची ९० सेंटिमीटरच्या आसपास आहे ना? मग राहू दे. तू उंच आहेस, पाठ दुखते, सगळं खरं. पण तिथे आता तू उभी राहणार नाहीस. तो गडद हिरवा रंगही तुझ्या पुढच्या घरासाठी राखून ठेव, तिथे मी स्वतः ब्रश घेऊन येतो. इथे फिकट काहीतरी दे.

आज रात्री सिंकखाली हात घालून बघ. पाइपच्या जोडापाशी बोटांना ओल लागली तर लगेच फोन कर.

तुझा,
बाबा