पावसाच्या पाण्याला थांबायला जागा कुठे ठेवली? मंत्री महोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सादर नमस्कार. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या वसाहतीच्या सभागृहात, आपल्या उपस्थितीत, एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी भिंतीवर नकाशा लावून सांगितले होते की, मागच्या चार एकर आरक्षित मैदानावर पाणी मुरवणारी बाग होईल, ओढ्याचे जादा पाणी तिथे काही तास थांबेल आणि मग सावकाश पुढे जाईल. आम्ही टाळ्या वाजवल्या. यंदा मे महिन्यात त्याच मैदानावर या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून वाहनतळ झाला आणि ओढा सिमेंटच्या नळात गेला. ऑगस्टमधल्या एका रात्री पावणेतीन वाजता आमच्या तळमजल्यावरील न्हाणीघराच्या जाळीतून काळे पाणी वर येऊ लागले.

माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत आणि पक्षाघातामुळे सहा वर्षे अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचा पलंग आम्ही विटांवर चढवला. विटाही बुडाल्या तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून जिन्याने वर नेले. त्यांचे माहेर पुण्याचे. १२ जुलै १९६१ चे पानशेतचे पाणी त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. जिन्यात त्या एकच विचारत होत्या, "धरण फुटलं का गं?" धरण फुटले नव्हते, नुसता पाऊस पडला होता. नवव्या दिवशी पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने पाण्याची उंची दोन फूट लिहिली. मी टेपने मोजली होती. ती दोन फूट नऊ इंच होती आणि पेन्सिलने ओढलेली रेघ अजून भिंतीवर आहे. वर्षाचे धान्य, शिलाईयंत्राची मोटर, सासूबाईंची औषधे आणि गादी, सगळे गेले. मदतीचा एक रुपयाही अजून आलेला नाही.

महोदय, हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. चार एकर म्हणजे सुमारे १६,००० चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की आठ लाख लिटर पाणी होते, आणि पेव्हर ब्लॉकवरून त्यातले बहुतेक लगेच उताराला लागते. त्या उताराच्या तळाशी माझे घर आहे. जुने मैदान सगळे पाणी पिऊन टाकत होते असा माझा दावा नाही. आमच्याकडे वर काळी माती, खाली काळा पाषाण. पाणी पटकन मुरत नाही. म्हणूनच तर उथळ खळगा, त्याखाली खडीचा थर, पाण्यात तग धरणारी गवते आणि निचऱ्याला मुद्दाम लहान ठेवलेले तोंड, अशी ती बाग आखायची असते. पाणी अडवून धरायचे आणि ओढ्याचा भर ओसरल्यावर सोडायचे, एवढेच तिचे काम.

ही कल्पना माझी नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शहरी पुरावरील २०१० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सार्वजनिक उद्यानांत आणि मोठ्या वसाहतींत अशा पावसाळी बागांची तरतूद करावी असे म्हटलेले आहे. आम्हाला मात्र दरवर्षी आणखी मोठे नळ दाखवले जातात. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या. ती क्षमता ५० करण्याची योजना १९९३ च्या अहवालापासून चालत आली आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढा पात्र सोडून वस्त्यांत शिरला आणि त्या पुरात वीसहून अधिक माणसे गेली. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून पाणी घरांत घुसले. अजून किती रात्री मोजायच्या?

बागेनेच सगळे पूर थांबतील असेही कोणी समजू नये. चीनने 'स्पंज शहरे', म्हणजे पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून धरणारी शहरे, उभारायला घेतली, तरी जुलै २०२१ मध्ये झेंगझोऊ बुडाले, कारण तिथे एका तासात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. पण आमच्या घरात पाणी घालणारा पाऊस तसला नसतो. तो दर पावसाळ्यात दोन-तीनदा पडणारा, ओळखीचा पाऊस असतो.

मग अडते कुठे? रस्ता एका खात्याचा, उद्यान दुसऱ्याचे, पावसाळी गटार तिसऱ्याचे, झाड चौथ्याचे; या सगळ्यांतून वाहणारे पाणी कोणाचेच नाही. काँक्रीटचे बिल मीटरवर निघते, उघड्या मातीचे बिल निघत नाही, म्हणून झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओततात. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. आमच्या रस्त्यावर वीतभरही सोडलेली नाही. २०२२ नंतर कित्येक महापालिकांचा कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा जाब विचारायला नगरसेवकही उरला नव्हता. कर मात्र आम्ही एकदाही चुकवला नाही.

मागणी थोडी आहे. मैदानाचा निम्मा भाग उकरून तिथे नकाशातली बाग करावी, ओढ्याचे तोंड उघडावे, रस्त्याच्या कडेचे दगडी कठडे जागोजागी कापून पाणी गवताच्या चरांत उतरू द्यावे, आणि हे काम एकाच अधिकाऱ्याच्या नावावर लेखी असावे.

दिवाळीला घर रंगवायचे आहे. पेन्सिलच्या त्या रेघेवर मात्र आपण येऊन ती पाहीपर्यंत मी रंग लावू देणार नाही.

आपली,
तळमजल्यावरील एक करदाती