दहा हजारांचा नियम आणि स्पिट्झर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वेश्याव्यवसायाच्या एजन्सीचे ग्राहक असल्याचे उघड झाल्याने मार्च २००८ मध्ये राजीनामा द्यावा लागलेले न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर एलियट स्पिट्झर यांच्या पतनावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख वाचनीय आहे, पण त्यातल्या चौकटीत 'दहा हजार डॉलरची मर्यादा चुकवण्यासाठी रक्कम तोडून पाठवली आणि त्यात सापडले' असे ठळक अक्षरांत छापले आहे. शिवाय शेवटी 'वॉल स्ट्रीटने काटा काढला' असा सूर आहे. पहिले विधान अर्धेच बरोबर आहे आणि दुसऱ्याला लेखात एकही पुरावा नाही. बँकेत व्यवहारांवर नजर ठेवायचे काम ज्यांनी केले आहे त्यांना पहिले विधान जास्त खटकेल, म्हणून त्याबद्दल आधी लिहितो.

अमेरिकेत १९७० च्या बँक सिक्रसी ॲक्टखाली बँकांना जे अहवाल सरकारला द्यावे लागतात, त्यांतल्या दोघांची लेखात खिचडी झाली आहे. एक सीटीआर, म्हणजे मोठ्या रोख व्यवहाराचा अहवाल. ग्राहकाने एका दिवसात दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोकड भरली किंवा काढली की हा फॉर्म जातो. त्यात संशयाचा काही संबंध नसतो, व्यवहार रोखीचा आणि रक्कम मोठी एवढेच पुरते. दुसरा एसएआर, म्हणजे संशयास्पद व्यवहाराचा अहवाल. याला रोखीची अट नाही. पाच हजार डॉलर किंवा त्यावरच्या व्यवहाराचा ग्राहकाच्या नेहमीच्या वागण्याशी मेळ बसत नसेल आणि त्याचे समाधानकारक कारण सापडत नसेल, तर बँकेने तो द्यायचा. सर्वसाधारणपणे तीस दिवसांत द्यायचा, आणि ग्राहकाला त्याचा वासही लागू द्यायचा नाही. कळवले तर कळवणाराच गुन्हेगार ठरतो.

आता स्पिट्झर यांचे व्यवहार पाहा. त्या वेळच्या बातम्यांनुसार २००७ मध्ये त्यांनी नॉर्थ फोर्क बँकेतल्या आपल्या खात्यातून दहा हजारांहून जास्त रक्कम छोट्या छोट्या वायर ट्रान्सफरने, म्हणजे रोकड न हलवता बँकेतून थेट दुसऱ्या बँकेत, पाठवली. वायरला सीटीआर लागतच नाही. म्हणजे तोडून पाठवल्याने त्यांचे एका पैशाचेही भले झाले नसते. उलट तोडण्यामुळेच व्यवहार नजरेत भरला. पण त्याहून मोठी घोडचूक पुढची होती. पाठवणारा म्हणून आपले नाव वायरवरून काढता येईल का, अशी विचारणा त्यांनी बँकेकडे केली. तीन हजार डॉलर आणि त्यावरच्या वायरसोबत पाठवणाऱ्याचे नाव, पत्ता आणि खाते क्रमांक पुढच्या बँकेपर्यंत जावेच लागतात, असा अमेरिकेत नियम आहे. बँकेने अर्थातच नकार दिला, आणि असा नकार देण्याची वेळ आणणारा ग्राहक कोण हे बँक विसरत नाही.

आपल्याकडच्या शाखेत हे दृश्य ओळखीचे वाटेल. पन्नास हजारांच्या वर रोख भरली की पॅन लागतो, म्हणून काउंटरवर एकोणपन्नास हजार नऊशेच्या स्लिपा येत राहतात. सकाळी एक, दुपारी दुसऱ्या शाखेत दुसरी, उद्या बायकोच्या खात्यात तिसरी. भरणाऱ्याला वाटते आपण नियमाच्या खालून निघालो. प्रत्यक्षात पन्नास हजारांची एकच स्लिप कोणाच्या लक्षातही आली नसती, पण एकोणपन्नास-नऊशेच्या सहा स्लिपा सिस्टिम आपणहून वर काढून देते. आरटीजीएसच्या फॉर्मवर 'साहेब, पाठवणाऱ्याचे नाव नको, नुसते कंपनीचे टाका' असे कोणी म्हणाले, तर समोरचा कारकून हसून 'होत नाही' म्हणतो आणि संध्याकाळी ती गोष्ट मॅनेजरच्या कानावर घालतो. पुढे एसटीआर (आपल्याकडचा संशयास्पद व्यवहाराचा अहवाल) जाईल की नाही ते वरचे ठरवतील. आपल्या मनी लाँडरिंग कायद्याचे नियमही याच धर्तीचे आहेत. महिन्यात दहा लाखांवर जाणारी रोकड, तुकड्यांत असली आणि तुकडे एकमेकांशी जोडलेले असले तरी, सीटीआरमध्ये जाते. एसटीआरला मात्र रकमेची अट नाही.

नॉर्थ फोर्कच्या अहवालाने एकट्याने काही झाले असते का, याची शंका आहे. असे अहवाल लाखोंनी येतात आणि बरेचसे नुसते साठून राहतात. इथे मात्र धाग्याचे दुसरे टोकही हलले. पैसे जात होते ते 'क्यूएटी' या नावाने सुरू होणाऱ्या कंपन्यांकडे. या कंपन्यांना ना माल ना कर्मचारी, आणि त्यांच्या खात्यांवर दुसऱ्या एका बँकेनेही स्वतंत्रपणे संशय कळवला होता. एकाच व्यवहाराच्या दोन्ही बाजूंचे अहवाल आयकर खात्याच्या, म्हणजे तिकडच्या आयआरएसच्या, तपासनीसांनी शेजारी शेजारी ठेवले तेव्हा प्रकरण सुरू झाले. सुरुवातीला त्यांना काय वाटले असेल याचा अंदाज सोपा आहे. राज्याचा गव्हर्नर नावापुरत्या कंपन्यांना गुपचूप पैसे देतो म्हणजे लाच किंवा खंडणी. म्हणूनच फाइल सरकारी भ्रष्टाचार पाहणाऱ्या वकिलांकडे गेली. कंपन्यांच्या मागे 'एम्परर्स क्लब' नावाची वेश्याव्यवसायाची एजन्सी निघाली, तेव्हा तपास करणारेही चकित झाले असणार.

मग न्यायालयाच्या परवानगीने फोन टॅप झाले. १३ फेब्रुवारी २००८ च्या रात्री वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलातल्या ८७१ क्रमांकाच्या खोलीत स्पिट्झर एजन्सीच्या मुलीला भेटले, त्याआधीचे फोन वाचण्यासारखे आहेत. त्यांतला बराच भाग ॲडव्हान्स पोहोचला की नाही याच्यावरच आहे. पाकीट अजून आले नाही, आले की मुलगी गाडीत बसेल, वरचे पैसे पुढच्या खेपेला जमा धरू, अशी बोलणी. त्या रात्री ४,३०० डॉलर रोख दिले गेले. खोली एका मित्राच्या नावावर होती. ६ मार्चला एजन्सी चालवणाऱ्या चौघांवरची तक्रार न्यायालयात उघड झाली, तेव्हा त्यात ग्राहकांची नावे नव्हती, फक्त आकडे होते. नवव्या क्रमांकाचा ग्राहक कोण, हे १० मार्चला न्यूयॉर्क टाइम्सने छापले.

रोकड तोडून काढण्याचे खरे उदाहरण लेखकाला हवे असेल, तर ते अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहाचे माजी सभापती डेनिस हॅस्टर्ट यांचे आहे. जुने दुष्कृत्य झाकण्यासाठी ते एका माणसाला पैसे देत होते. आधी एका वेळी पन्नास-पन्नास हजार डॉलर काढले. २०१२ मध्ये बँकेने हटकल्यावर दहा हजारांच्या आत काढायला लागले. किमान १०६ वेळा, एकूण ९,५२,००० डॉलर. पैसे त्यांचे स्वतःचे, पण अहवाल चुकवण्यासाठी रोकड तोडणे हाच १९८६ पासून अमेरिकेत गुन्हा आहे. २०१५ मध्ये त्यांनी तो कबूल केला आणि २०१६ मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. स्पिट्झर यांच्यावर असा आरोपही ठेवला गेला नाही. पैसे काढणे आणि एजन्सीला देणे यासंबंधी कोणत्याही गुन्ह्यासाठी पुरेसा पुरावा नाही, सरकारी किंवा प्रचाराच्या निधीचा गैरवापरही दिसत नाही, असे फेडरल वकील मायकेल गार्सिया यांनी ६ नोव्हेंबर २००८ ला जाहीर केले. आपल्या चौकटीतली ओळ अर्धी चुकते ती इथे.

आता काटा काढण्याबद्दल. राजीनाम्याच्या बातमीने शेअर बाजाराच्या फ्लोअरवर टाळ्या पडल्या हे खरे, पण टाळ्या वाजवणारे आणि अहवाल पाठवणारे वेगवेगळे लोक होते. वॉल स्ट्रीटला राग यायला कारणे भरपूर होती. १९९९ ते २००६ राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील, असताना स्पिट्झर यांनी मार्टिन ॲक्ट नावाचा १९२१ चा, धूळ खात पडलेला राज्याचा कायदा बाहेर काढला. त्याखाली दिवाणी दाव्यात फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागत नाही, आणि कागदपत्रे मागवण्याचा अधिकार अफाट आहे. मेरिल लिंच या शेअर दलाली कंपनीचे विश्लेषक जे शेअर ग्राहकांना 'घ्या' म्हणून सांगत होते, त्यांनाच आपसातल्या ईमेलमध्ये भिकार म्हणत होते. ते ईमेल बाहेर आले आणि मे २००२ मध्ये कंपनीने दहा कोटी डॉलर मोजले. २००३ मध्ये अशाच प्रकरणात दहा मोठ्या कंपन्यांनी मिळून सुमारे १४० कोटी डॉलर दिले. मग म्युच्युअल फंडांतले उशिराचे, म्हणजे बाजार बंद झाल्यावरचे, सौदे, मग विमा दलालीत मार्श कंपनीचे ८५ कोटी.

हे सारे प्रत्यक्ष खटला पुरा न चालवता झाले, आणि इथे माझे लेखकाशी दुमत आहे. लेखकाला ही पद्धत निर्मळ वाटते. आधी पत्रकार परिषद, मग कंपनीचा शेअर कोसळणे, मग तडजोड, असा क्रम होता. जे लढायला उभे राहिले त्यांच्यापुढे तो चालला नाही. शेअर बाजाराचे प्रमुख रिचर्ड ग्रासो यांच्या सुमारे १४ कोटी डॉलरच्या मानधनावरचा दावा २००८ च्या जुलैत, स्पिट्झर पायउतार झाल्यावर, फेटाळला गेला. एआयजी या विमा कंपनीच्या हँक ग्रीनबर्ग यांच्यावरचा २००५ चा दावा २०१७ पर्यंत रखडला आणि किरकोळ रकमेवर मिटला. बदनामीच्या धाकाने कामे उरकणाऱ्या माणसावर मार्च २००८ मध्ये तोच धाक उलटला. आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता, फक्त मथळे होते. विधानसभेतले रिपब्लिकन नेते जेम्स टेडिस्को यांनी अठ्ठेचाळीस तासांत राजीनामा द्या, नाहीतर महाभियोग, अशी मुदत घातली.

आणि त्यांच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, याचे कारण आधीच्या चौदा महिन्यांत आहे. जवळजवळ ६९ टक्के मते घेऊन ते आले आणि पहिल्या दिवसापासून सगळे बदलेल असे म्हणाले. काही बदललेही. कामगार नुकसानभरपाईचा कायदा सुधारला, नैतिकतेचा नवा कायदा झाला, शाळांच्या अनुदानाचे सूत्र बदलले. पण फेब्रुवारी २००७ मध्ये राज्याचा लेखाप्रमुख निवडताना विधिमंडळाने ठरलेली पद्धत मोडून आपलाच सदस्य बसवला, तेव्हा गव्हर्नर स्वपक्षीय आमदारांच्या मतदारसंघांत जाऊन त्यांची नावे घेऊन बोलले. त्याच उन्हाळ्यात सिनेटचे नेते जोसेफ ब्रुनो यांच्या प्रवासाच्या नोंदी जमवायला सहकाऱ्यांनी राज्य पोलिसांना कामाला लावल्याचे बाहेर आले. स्वच्छतेच्या नावाने आलेल्या माणसाच्या कार्यालयाला हे शोभणारे नव्हते. मार्चमध्ये संकट आले तेव्हा पक्षात फोन उचलणारे कमीच उरले होते.

ढोंगाचा मुद्दा लेखात आहे, पण तारखा नाहीत. ॲटर्नी जनरल म्हणून २००४ मध्ये त्यांनी स्टेटन आयलंडवरची वेश्याव्यवसायाची टोळी पकडली होती. गव्हर्नर म्हणून २००७ मध्ये मानवी तस्करीविरोधी कायद्यावर सही केली. त्यात ग्राहकाची कमाल शिक्षा तीन महिन्यांवरून एक वर्षावर गेली, आणि अंमल १ नोव्हेंबर २००७ पासून. मेफ्लॉवरची रात्र त्यानंतरची. घटना वॉशिंग्टनची असल्यामुळे त्या कायद्याच्या कक्षेत ती येत नव्हती, हा तांत्रिक भाग झाला. सही करताना हात थरथरला नसेल का, असे मात्र वाटून जाते.

राजीनाम्याच्या तारखेचीही दुरुस्ती व्हावी. घोषणा १२ मार्चला झाली, पण पद सोडले १७ मार्चला. राज्याचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणजे नवे गव्हर्नर डेव्हिड पॅटरसन यांच्या हाती अर्थसंकल्पासाठी जेमतेम दोन आठवडे आले. पदभार घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपलेही विवाहबाह्य संबंध होते असे सांगून ते मोकळे झाले. आणि २०१३ मध्ये शहराच्या लेखापरीक्षकपदासाठी स्पिट्झर परत उभे राहिले तेव्हा ते 'सपशेल आपटले' असे लेखात आहे, तेही बरोबर नाही. पक्षांतर्गत निवडणुकीत स्कॉट स्ट्रिंगर यांना साधारण ५२ टक्के आणि स्पिट्झर यांना ४८ टक्के मते पडली.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
डोंबिवली (पूर्व)