खांद्यामागचा व्हॉल्व्ह

संपादक महोदय,
हौसेनं बांधलेलं छोटं विमान पडून कोणी गेलं की लोक लगेच म्हणतात, हौस नडली, मला ते पटत नाही. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बेमध्ये असेच गेले, विमान लाँग-ईझी, दुसऱ्यानं बांधलेलं, यांनी नुकतंच घेतलेलं. मूळ डिझाइनमध्ये इंधनाची टाकी बदलायचा व्हॉल्व्ह पायलटच्या पायांमध्ये होता, बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागे बसवला, म्हणजे हात पोचवायला अख्खं अंग वळवायचं आणि वळताना उजवा पाय रडरवर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवायच्या पॅडलवर, दाबला जायचा, तेही जेमतेम काहीशे फुटांवर! शिवाय निघताना इंधन भरलं नव्हतं. फार वाईट वाटतं हो. अशी विमानं विकताना नव्या मालकाला आधी जमिनीवरच, पट्टा लावून, तो व्हॉल्व्ह फिरवायला लावा, सक्तीनं.

– एक वाचक