कोकणावर पीएचडी करायची तर कोकण सोडायचं का, साहेब?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, नमस्कार. पत्र लांबलं तर सांभाळून घ्या, आमच्याकडे गाऱ्हाणं थोडक्यात घालायची पद्धत नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो आणि खोतीवर, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या ताब्यात जमिनी आणि त्या कसणारी कुळं, या कोकणातल्या जुन्या पद्धतीवर, पीएचडी करतोय. विषय ऐकला की लोक विचारतात, आता कुठे राहिली खोती? कागदावर नाहीच राहिली, बरोबर आहे. १९३३ पासून अलिबागजवळच्या चरीत कुळांनी संप करून जमिनी पडीक ठेवल्या, बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, आणि कायदा व्हायला १९४९ उजाडलं. पण आजही तहसील कचेरीत जाऊन बसा, कुळाचं नाव लागलं की नाही यावरून भांडणारी माणसं भेटतील, आणि सातबारावर नाव नाही म्हणून सरकारी योजनेतून बाद झालेलीही भेटतील.

परवा एका वाडीत एका आजींनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढून दिली. वर रेशनकार्ड, लाईटची बिलं, त्यांच्या नवऱ्याचा मुंबईतल्या मिलचा जुना पास, आणि अगदी तळाला मोडी लिपीतल्या खंडाच्या, म्हणजे कुळाने खोताला भात घातल्याच्या, पावत्या. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई दमटपणाने पसरलेली, घडी उघडली की तुकडा हातात येतोय. भाताचे मण तेवढे धड लागले, बाकीचं भिंग लावूनही नाही. आजी म्हणाल्या, "घे बाबा फोटो काढून, झील (मुलगा) म्हणतो जाळून टाक." अशा पेट्या घराघरात आहेत हो, आणि दर पावसाळ्यात त्यातलं थोडं थोडं जातंय. घरचं सोडा, २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचं १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरसुद्धा पाण्यात गेलं होतं. (जुने दस्तऐवज हे सांस्कृतिक कार्य खात्याचं काम, तुमचं नाही, माहितेय मला. पण ते वाचणारी माणसं तयार करणं तुमच्याकडेच येतं ना.)

आता मुद्द्यावर येतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे प्रोफेसरला ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंटला ४ एवढेच पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात, गाईड कायम नोकरीतला लागतो, निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली की नवीन विद्यार्थी बंद, आणि कॉलेजात संशोधन केंद्र हवं तर किमान दोन पीएचडी झालेले प्राध्यापक पाहिजेत. नियम चांगलेच आहेत, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण इकडे काय होतं बघा, इतिहासाचे सर रिटायर होतात, जागा भरायला परवानगी येत नाही, त्यांच्या जागी माझ्यासारखा तासिकावाला येतो, तो कायम नाही म्हणून गाईड होऊ शकत नाही, उद्या माझी पीएचडी झाली तरी होऊ शकत नाही. म्हणजे एक खुर्ची रिकामी राहिली की मुलांच्या आठ नाहीतर सहा जागा तिच्याबरोबर गेल्या, आणि दोनातली एक गेली की केंद्रही गेलं. पीएचडी प्रवेशाची जाहिरात निघते तेव्हा आमच्या विषयापुढे जागा शून्य. मग उरतं काय, रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस आणि मुंबई. गाईड तिकडे, पुराभिलेखागार तिकडे, पीएचडीच्या कमिटीची बैठक तिकडे, आणि अभ्यासाचं गाव इकडे! बरं, तासिकेवर रजा नसते, वर्गावर गेलो नाही तर पैसे नाहीत.

माझ्या एका विद्यार्थिनीला आंब्याच्या बागा राखणाऱ्या आणि बोटींवर काम करणाऱ्या नेपाळी कुटुंबांवर काम करायचं होतं, तिच्या घरासमोरच्या बागेतच राहतात ती माणसं, त्यांच्या बायकांशी हिची ओळख, मुंबईपुण्याहून येणाऱ्याला जे मिळवायला वर्ष लागेल ते हिच्याकडे आयतं होतं. जिल्ह्यात गाईड मिळाला नाही, मुंबईला राहायचा खर्च घरच्यांना झेपेना. बीएडला गेली.

पैशाचं एकदाच बोलतो. नेट परीक्षेतून जेआरएफ फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० मिळतात, पण ती किती जणांना मिळते. पंतप्रधानांच्या नावाची ७०,००० पासून सुरू होणारी फेलोशिप आहे, ती विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या संस्था आहेत, त्यांचा आधार खरंच मोठा आहे, पण फेलोशिपसाठी पोरांना आझाद मैदानात बसायला लागू नये एवढं बघा.

डिसेंबर २०२३ ला नागपूर अधिवेशनात पीएचडी करून काय दिवे लावणार असं विचारलं गेलं होतं. राग नाही, पण उत्तर आहे. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळांवरची, कातळशिल्पं (खडकात कोरलेली जुनी चित्रं) २०२२ ला युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, ती सडे तुडवून शोधली आपापला नोकरीधंदा सांभाळणाऱ्या हौशी लोकांनी. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायला यंत्रं आली, लोक रस्त्यावर झोपले, आणि तेव्हा सगळ्यांना प्रश्न पडले की या चित्रांचं काय, ही गुरचरण कुणाची, या लोकांना नेमकं काय हवंय. याची उत्तरं पोलीस बंदोबस्तातून मिळत नाहीत साहेब, ती आधी कुणीतरी पाच-सहा वर्षं त्या गावात बसून काढून ठेवलेली असावी लागतात.

म्हणून मागणं एवढंच. नवीन इमारत नको, उद्घाटन नको. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कॉलेजांतल्या इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मराठीच्या मंजूर जागांपैकी रिकाम्या किती ते जिल्हावार जाहीर करा आणि पुढच्या भरतीत त्या आधी भरा. त्या भरेपर्यंत मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्रात या विषयांचं कोर्सवर्क आणि सिनॉप्सिसच्या (संशोधनाच्या आराखड्याच्या) मुलाखती वर्षातून एकदा तरी घ्या, कमिटीच्या पाच माणसांनी इकडे यायचं की पन्नास पोरांनी तिकडे जायचं याचा हिशोब सोपा आहे.

उत्तर दिलंत तर घरच्या पत्त्यावर पाठवा, सोबत लिहून दिलाय. कॉलेजच्या पत्त्यावर नको, पुढच्या वर्षी मी तिथे आहे की नाही ते मला जूननंतरच कळतं.

आपला,
तासिका तत्त्वावरचा एक मास्तर
जि. रत्नागिरी