दुर्मीळ कॅन्सरवाल्यांसाठी पण थोडी जागा ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

४ फेब्रुवारीला तुमच्या पेपरात कॅन्सरवर अख्खं पान होतं ते वाचलं. खर्र्याचं (तंबाखू-सुपारीचं) आलं, तोंडाच्या कॅन्सरचं आलं, ब्रेस्टच्या तपासणीचं आलं, सगळं बरोबरच आहे, खर्रा काय करते हे नागपुरात कोणाला वेगळं सांगायला नको. पण ज्यांनी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाही आणि तरी असा कॅन्सर झाला की त्याचं नावच नातेवाइकांना सांगता येत नाही, त्यांच्यासाठी त्या पानावर एक ओळ नव्हती. माझ्या मिस्टरांना तसाच आहे, म्हणून लिहायला बसले.

नाव आहे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, डॉक्टर लोक नुसतं जिस्ट म्हणतात. जगभरात दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण १० ते १५ जणांना होते. ऐकायला काहीच नाही वाटत, पण तोच दर इथं धरला तर एकट्या नागपूर जिल्ह्यात वर्षाला पन्नासेक लोक निघतील, कारण २०११ च्या जनगणनेतच आपला जिल्हा ४६ लाखांच्या वर होता. आणि हा एक प्रकार झाला. युरोपात वर्षाला लाखात ६ पेक्षा कमी लोकांना होणाऱ्या कॅन्सरला दुर्मीळ म्हणतात, असे जवळपास दोनशे प्रकार आहेत, आणि सगळे मिळून तिथल्या दर चार-पाच कॅन्सर पेशंटमागे एक पेशंट दुर्मीळवाला असते. म्हणजे एकेकटे आम्ही मूठभर, पण सगळे मिळून एवढे, आणि ओपीडीत बाजूच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारलं तर त्याचं काहीतरी भलतंच असते.

आमचं सुरुवातीला हिमोग्लोबिनवरून सुरू झालं. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी आलं की आधी सिकलसेलची टेस्ट, नाही निघालं तर मूळव्याध, तेही नाही तर "जेवण बरोबर नाही जी तुमचं". आयर्नच्या गोळ्या चालूच. जिस्टची गाठ पोटाच्या नाहीतर आतड्याच्या भिंतीत वाढते, कधी आतून जखम होऊन थोडं थोडं रक्त जात राहते, शौचाला काळं होते, आणि पुष्कळदा दुखत काहीच नाही, त्यामुळे माणूस चालता-फिरता असते आणि घरच्यांना वाटते थकवा आहे. शेवटी स्कोपी झाली, ऑपरेशन झालं, मोठी गाठ निघाली, आणि डिस्चार्जच्या कागदावर खाली एक ओळ, इमॅटिनिब ४००, रोज एक. का, किती वर्षं, नाही घेतली तर काय, हे बसून कोणी सांगितलं नाही. डॉक्टरांवर राग नाही माझा, त्यांच्या दाराबाहेरची रांग मी पाहिली आहे. पण सांगायला दुसरं कोणी ठेवलंच नाही ना, काउन्सेलर म्हणून जो माणूस होता तो खर्चाचं एस्टिमेट समजावायला.

मग मी शाळा सुटल्यावर मोबाइलवर वाचत बसायची. (मी शिक्षिका आहे, मुलगी इंग्रजीतलं अडलं की सांगायची.) त्यात जे कळलं ते इतकं भारी होतं की मला राहून राहून वाटलं, हे मराठीत छापलं काहून नाही कोणी?

पूर्वी या गाठींना पोटाच्या स्नायूच्या गाठी समजायचे आणि तशी केमो द्यायचे, ती बहुतेकांना लागूच पडायची नाही. १९९८ मध्ये जपानच्या डॉक्टरांनी शोधून काढलं की यातल्या बऱ्याच गाठींमध्ये किट नावाच्या एका जीनमध्ये बिघाड असते, पेशीला वाढीचा हुकूम देणारं बटण दाबलेलंच राहते. इमॅटिनिब ही गोळी तेव्हा ब्लड कॅन्सरच्या सीएमएल प्रकारासाठी तयार होत होती, ती हेच बटण बंद करते असं लक्षात आलं. मार्च २००० मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीला एका बाईला ती दिली, आजार लिव्हरपर्यंत गेलेला होता, काही आठवड्यांत गाठी आकसल्या. २००१ मध्ये तिच्या एकटीच्या केसवर पेपर छापून आला आणि २००२ मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी गोळीला मंजुरी मिळाली. दोन वर्षांत! हजारो पेशंट गोळा होईपर्यंत कोणी थांबलं असतं तर आज माझे मिस्टर सकाळी दूध आणायला गेले नसते.

आणि ती गोळी आपल्याला परवडते त्यातही एक लढाई आहे. कंपनीचा ब्रँड महिन्याला एक लाखाच्या वर जायचा, आपल्याकडच्या कंपन्यांची तीच गोळी तेव्हा आठ-दहा हजारात मिळायची. पेटंटची केस चेन्नईपासून सुप्रीम कोर्टात गेली आणि १ एप्रिल २०१३ ला कोर्टाने कंपनीला पेटंट नाकारलं, त्या केसमध्ये कॅन्सर पेशंटची संघटना स्वतः उभी होती. आज इमॅटिनिब राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. हे गडचिरोलीहून आलेल्या पेशंटला माहीत असलं तर तो निदान दुकानात दुसरी स्वस्त कंपनी विचारेल, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला सरकारी योजनेबद्दल विचारेल. नाहीतर शेत विकायला काढते, अशी माणसं पाहिली आहेत.

आता मुद्द्यावर येते. काही जण म्हणतात आधी संशोधनाला पैसा द्या, काही म्हणतात आधी पेशंटला समजावा. दुर्मीळ कॅन्सरमध्ये मला हे एकच काम वाटते, कारण इथं संशोधनाचा माल म्हणजे पेशंटचा ब्लॉक आणि त्याची नोंद, आणि ते दोन्ही पेशंटला माहीत नसेल तर हरवते.

ब्लॉक म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून लॅबमध्ये ठेवतात तो. त्यावर आधी सीडी ११७ आणि डॉग १ या टेस्ट करून जिस्ट आहे का ते पाहतात, आणि त्याच ब्लॉकवर म्युटेशनची, म्हणजे जीनमध्ये नेमका कोणता बिघाड आहे त्याची, टेस्ट होते. ही टेस्ट शोभेची नाही. किट जीनच्या एक्सॉन ११ नावाच्या भागात बिघाड असला तर ४०० ची गोळी चांगली लागू पडते, एक्सॉन ९ असला आणि आजार पसरलेला असला तर डॉक्टर पुष्कळदा डोस डबल करतात, आणि पीडीजीएफआरए नावाच्या दुसऱ्या जीनमध्ये डी८४२व्ही नावाचा बिघाड असला तर इमॅटिनिबचा जवळपास उपयोगच नाही, त्यासाठी ॲव्हाप्रिटिनिब म्हणून वेगळं औषध २०२० मध्ये आलं. म्हणजे टेस्ट न करता तो माणूस वर्षभर गोळी गिळणार, पैसा जाणार आणि गाठ वाढणार. लॅबवाले ब्लॉक काही वर्षं ठेवतात, कायमचा नाही. तो मागितला तर मिळते, मुंबईला टाटाला सेकंड ओपिनियनला गेलात तर तेही स्लाइड-ब्लॉक मागतात. फक्त एक, मेण आहे ते, मे महिन्यात गाडी उन्हात उभी करून डिक्कीत ब्लॉक ठेवू नका, आपला उन्हाळा माहीत आहे ना.

अमेरिकेत लाइफ राफ्ट ग्रुप म्हणून जिस्टच्या पेशंट-नातेवाइकांचीच संस्था आहे, त्यांनी स्वतःची नोंदवही ठेवली, कोणाला कोणतं म्युटेशन, कोणती गोळी, किती दिवस चालली, पुढे गाठींचे तुकडे जपून ठेवणारी टिश्यू बँक केली. लहान मुलांना आणि तरुण मुलींना होणारं जिस्ट वेगळंच वागते, इमॅटिनिबला फारशी दाद देत नाही, तर तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने २००८ पासून असे विखुरलेले पेशंट एका ठिकाणी बोलावले आणि २०११ पर्यंत कळलं की यातल्या बऱ्याच जणांत बिघाड किटमध्ये नसून एसडीएच नावाच्या जीन्समध्ये असते. एकेका गावात एकेक मुलगी, कोणत्या एका दवाखान्याला हे कळलं असतं?

मग नागपूरला काय अडचण आहे सांगा. मेडिकल आहे, मेयो आहे, एम्स आलं, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल जुनं आहे, जामठ्याला एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) आहे, शहराची कॅन्सर रजिस्ट्रीसुद्धा पूर्वीपासून आहे. पेशंट चंद्रपूर, यवतमाळपासून तर पलीकडे छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे इथंच येतात. या सगळ्यांनी मिळून दुर्मीळ कॅन्सरची एक सामायिक यादी ठेवावी आणि त्यात म्युटेशनचा एक कॉलम ठेवावा. महिन्यातून एक शनिवार एका हॉलमध्ये सगळ्या दुर्मीळवाल्यांना बोलवावं, मराठीत आणि हिंदीत. चहा आम्ही पाजू. कंपन्यांचा समाजकार्याचा, सीएसआरचा पैसा येते तो मशीनची फीत कापण्यात जाते, फोटो चांगला येते म्हणून, गरीब पेशंटच्या म्युटेशन टेस्टचं बिल भरताना फोटो कशाचा काढणार?

त्या शनिवारी काय सांगायचं तर अगदी साध्या गोष्टी. गोळी जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर मळमळते. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, शेजारच्या बायका विचारतात रडले का हो तुमचे मिस्टर, ती गोळीची सूज असते. पायात गोळे येतात. ग्रेपफ्रूट खाऊ नका असं कागदावर लिहून येते, आता ग्रेपफ्रूट इथं कोणी पाहिलं नाही, तर एका घरी त्यांनी संत्रीच बंद करून टाकली, नागपुरात राहून! संत्र्याला तशी मनाई नाही, पपनस मात्र ग्रेपफ्रूटच्या जवळचं आहे, ते टाळलेलं बरं, आणि कोणी गाठ विरघळवायचा काढा दिला असेल तर लपवू नका, डॉक्टरांना दाखवा, कारण काही झाडपाल्याने गोळीचं रक्तातलं प्रमाण कमी-जास्त होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बरं वाटते म्हणून गोळी सोडायची नाही. पसरलेल्या जिस्टमध्ये गोळी लागू पडलेल्या लोकांवर फ्रान्समध्ये अभ्यास झाला, ज्यांची गोळी थांबवली त्यातल्या बहुतेकांचा आजार परत वाढला. ऑपरेशन होऊन गाठ पूर्ण निघाली पण आजार परत येण्याचा धोका जास्त आहे, अशांना एक वर्षापेक्षा तीन वर्षं गोळी दिली तर जास्त लोक जगतात हे २०१२ मध्ये छापून आलं आहे. आमच्या ओळखीत एकांनी रिपोर्ट क्लिअर आला म्हणून सोडली, सोडा म्हणणारा जावई, घ्या म्हणणारं कोणी नाही.

तुमच्याकडे माझी मागणी छोटी आहे. महिन्यातून एकदा पाव कॉलम द्या, दर वेळी एक दुर्मीळ कॅन्सर, कोणत्याही कॅन्सर डॉक्टरांकडून तपासून घेतलेला, आणि खाली एवढंच की रिपोर्टमध्ये काय पाहायचं आणि ब्लॉक कुठून मागायचा. पत्र लांबलं आहे मला माहीत आहे, कापायचं असेल तर आमच्या घरचं कापा, ब्लॉकचं आणि गोळीचं ठेवा.

आपली,
एक वाचक, सक्करदरा, नागपूर